कोरडं धुवण

काडी लहानपणी पोटभर जेवली असती तर आमची कंपनी निघालीच नसती, असं वहिनी कुणालाही हसत हसत सांगायच्या. त्यात थट्टा थोडी आणि खरं जास्त होतं.

काडी ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिसरं वर्ष संपलं तरी तिच्या वजनाचा काटा अकरा किलोवर ठाण मांडून बसलेला. हातपाय इतके बारीक की शेजारच्या आजोबांनी एकदा 'काडी' म्हटलं आणि तेच नाव पडलं. डॉक्टर म्हणाले, "मूल बारीक आहे, आजारी नाही. तुम्ही काळजी करायचं सोडा, ती आपोआप जेवायला लागेल." पण काळजी म्हणजे काही नळ नव्हे, फिरवला की बंद व्हायला. वहिनी ताटाकडे कमी आणि मुलीच्या गळ्याकडे जास्त बघायच्या. घास खाली उतरला की गळ्यावर एक बारीक लाट उठते, ती मोजायच्या. पुरेशा लाटा झाल्या नाहीत तर त्यांनाच जेवण जायचं नाही.

कॉलेजात त्या अन्नशास्त्र शिकल्या होत्या. पदवीचा कागद कपाटात आणि मुलगी उपाशी, हे त्यांना पटेना. मग दुधाची पावडर, सोयाबीन, भाजून कुटलेले बदाम असं काय काय तीनतीनदा चाळून त्या स्वयंपाकघरात प्रयोग करायला लागल्या. ढवळलं की गुठळी राहायला नको, चव लागावी पण औषधाची लागू नये, आणि एका पेल्यात जेवणाएवढी ताकद मावावी. काडीचे बाबा विम्याच्या कचेरीतून यायचे आणि ओट्यावर बोट फिरवून बघायचे. "पुन्हा पीठ? घरात बायको आहे की गिरणी?" चौदाव्या खेपेला काडीने पेला रिकामा केला, ओठावरची पांढरी मिशी पुसली आणि म्हणाली, "अजून."

वरच्या मजल्यावर जिमचा एक शिक्षक राहायचा. त्याने एक दिवस तो पेला चाखला. "वहिनी, आम्ही बाहेरून आणतो ते खडू खाल्ल्यासारखं लागतं. हे मला रोज द्या." तो वहिनी म्हणायचा म्हणून त्याची जिम वहिनी म्हणायला लागली, मग दुकानदार, मग सगळा धंदाच. ज्या धंद्यात प्रत्येक डब्यावर फुगलेल्या दंडाचा बाप्या असतो, तिथे यांच्या डब्यावर धावणारी एक बारकी मुलगी. गिऱ्हाइकांना सगळी पी हळद नि हो गोरी अशी घाई. "वहिनी, किती दिवसांत दंड भरतील?" असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "रोज आरशात बघायचं सोडलंत तर लवकर."

स्वयंपाकघर पुरेना तेव्हा भाड्याची शेड घेतली, आणि शेडीत मिक्सर आला. मिक्सर म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढा पोलादी हौद, आत पिळाची पाती फिरणारी. तो चालवायला आलेले गृहस्थ वीस वर्षं कपडे धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यात होते. त्यांना सगळे मिक्सरकाका म्हणत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "अर्धं आयुष्य साबणाच्या पावडरीत गेलं, उरलेलं खायच्या पावडरीत जाणार. प्रगतीच म्हणायची, वहिनी."

पावडरीचा मिक्सर पाण्याने धूत बसता येत नाही. ओल राहिली की पुढचा माल धरतो, गोळे होतात. म्हणून दोन वेगवेगळ्या मालांच्या मध्ये साधी दुधाची पावडर वीसेक किलो टाकून पाव तास फिरवायची. कोपऱ्याकोपऱ्यात चिकटलेला आधीचा माल ती आपल्याबरोबर घेऊन बाहेर पडते. शेडीत याला कोरडं धुवण म्हणायचे. नियम असा की हे धुवण फेकून द्यायचं आणि नोंदवहीत 'नष्ट केले' असं लिहून खाली सही करायची.

वहिनींनी सही कधी चुकवली नाही. धुवण मात्र कधी फेकलं नाही.

ज्या बाईने एकेक घास मोजून मूल वाढवलं, तिच्या हातून वीस किलो दूध उकिरड्यावर कसं जाणार? धुवणात वाईट ते काय, आपलाच व्हॅनिला, आपलंच चॉकलेट, थोडं पातळ झालेलं. डबे भरणाऱ्या बाया पिशव्या करून पोरांना न्यायच्या. वहिनी दोन किलोंचा एक बिनलेबलाचा डबा भरून घरी आणायच्या. तो ओट्याच्या कोपऱ्यात असायचा. काडी त्यातलंच पिऊन मोठी झाली. विकायचा माल घरात आला नाही, त्याची गरजच पडली नाही.

आणि काडी धावायला लागली. ज्या पायांची आईने एवढी धास्ती घेतली होती तेच पाय शाळेच्या मैदानावर कुणाला सापडेनात. सतराव्या वर्षी ती आठशे मीटर पळत होती, म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या. तिचे सर म्हणायचे, "या अंतराला डोकंही लागतं आणि वेडेपणाही लागतो. हिच्याकडे दोन्ही आहे." फक्त वर्षभर ती दोन मिनिटं बारा सेकंदांवर अडली होती. राष्ट्रीय शिबिरात जायचं तर दोन दहाच्या आत यायला हवं. घरात त्या दोन सेकंदांविषयी असं बोलणं चालायचं, जसं दुसऱ्या घरांत स्थळांविषयी चालतं. कधी येणार, कुठून येणार, येणार की नाही.

त्याच वर्षी कंपनीकडे परकं काम आलं. दुसऱ्या एका कंपनीला व्यायामाआधी प्यायची पावडर बनवून हवी होती, संत्र्याच्या चवीची. मुख्य मसाला ती कंपनी बंद पिशव्यांत पाठवायची, वहिनींनी तो फक्त मिसळून डब्यांत भरून द्यायचा. मसाल्यात काय आहे त्याचा कागद आला होता. त्यात एका उत्तेजकाचं लांबलचक नाव होतं. जिममध्ये घाम गाळणाऱ्या माणसाला ते चालतं; शर्यतीच्या दिवशी खेळाडूच्या अंगात सापडलं तर चालत नाही. वहिनींनी कागद वाचला, दोनदा वाचला आणि खणात ठेवला. पहिल्या खेपेला मिक्सरकाकांनी विचारलं, "या कामाचं धुवण घरी नको ना?" त्या म्हणाल्या, "छे, ते खरंच फेका." पहिल्या दोन्ही खेपांना काकांनी ते खरंच फेकलं.

तिसऱ्या खेपेला काकांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ते तीन दिवस आले नाहीत. दुसऱ्या कुणाला उभं करण्यापेक्षा वहिनी स्वतः मिक्सरपाशी उभ्या राहिल्या. बायांनी चिडवलं, "मालकीणबाई, जमेल ना?" त्यांना मजा वाटली. चौदा वर्षांत खुर्ची मोठी झाली होती, पण हात पावडर विसरला नव्हता. माल निघाला, धुवण फिरवलं, झडप उघडली. फिकट केशरी पावडर खाली आली आणि सगळ्या शेडीत सोललेल्या संत्र्याचा वास भरला.

काडी गेला महिनाभर कुरकुरत होती. "आई, तोच तोच व्हॅनिला. आता मला स्वप्नातसुद्धा त्याचाच वास येतो." वहिनींनी घरचा डबा हातात घेतला आणि भरला. हे कुठल्या कामाचं धुवण आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्या क्षणी आठवणं यांत एका वासाएवढं अंतर पडलं. नोंदवहीत त्यांनी 'नष्ट केले' लिहून सही केली. काका कामावर आले तेव्हा मिक्सर चालवणाऱ्याच्या रकान्यात तिन्ही दिवसांच्या सह्या त्यांनी नेहमीसारख्या एकदम करून टाकल्या.

निवड स्पर्धेच्या दिवशी सकाळी काडीने एक पेला घेतला. "संत्रं भारी आहे गं." दुपारी ती दोन मिनिटं नऊ सेकंदांत आली.

सरांनी घड्याळ तिच्यापुढे धरलं तर ती म्हणाली, "पुसून बघा, काचेवर काहीतरी लागलंय." मग स्पर्धेच्या लोकांनी तिची नमुना तपासणी केली, पहिल्या आलेल्यांची करतात तशी. तिने दोनदा पाणी पिऊन हसत हसत बाटली भरून दिली. घरी येताना गाडीत बाबा म्हणाले, "आता लग्नातसुद्धा अहेर म्हणून दोन नऊच लिहू." आणि वहिनी, ज्यांना मुलीच्या कुठल्याही आनंदात पुढचा खड्डा आधी दिसायचा, त्यांनाही त्या दिवशी काही दिसलं नाही.

पाचव्या आठवड्यात पत्र आलं. काडी शाळेत होती, बाबा कचेरीत. वहिनींनी पाकीट उघडलं. नमुन्यात निषिद्ध द्रव्य आढळलं आहे, निकाल रद्द, सुनावणीपर्यंत खेळण्यास व सरावास मनाई, दोन वर्षांपर्यंत बंदी होऊ शकते. द्रव्याचं नाव खालच्या ओळीत होतं. ते त्यांनी आधी दोनदा वाचलेलं होतं.

त्या ओट्यापाशी गेल्या. डब्यात पाव हिस्सा पावडर उरली होती. त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि डबा आपल्या कपाटात साड्यांच्या मागे ठेवला. संध्याकाळी, पत्र वाचून, रडून, सरांना फोन करून झाल्यावर काडीने सवयीने कोपऱ्यात हात घातला. "डबा संपला?"

"संपला," वहिनी म्हणाल्या.

बोलायचंच होतं, उद्या बोलू. आधी वकिलाला विचारू. आधी हिला जरा सावरू दे. अशा रीतीने दोन दिवस गेले, आणि न बोललेल्या गोष्टीचं असं असतं की पहिल्या दिवशी ती तोंडात मावते, तिसऱ्या दिवशी मावत नाही.

चौथ्या दिवशी सर घरी आले. शिष्य म्हणून जिला पोरीसारखं वागवलं तिच्याकडे बघायचं ते टाळत होते. "कुणी काही दिलं का? मैत्रिणीने, कुणी? आत्ता सांगितलंस तर मार्ग निघेल."

"सर, नाही."

"मग आलं कुठून? आकाशातून?"

काडीने वहीचं पान पुढे केलं. महिनाभरात पोटात काय काय गेलं त्याची यादी. अंडी, केळी, दूध, ब्रेड, बटाटे, तापाच्या दोन गोळ्या, मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक, शाळेच्या नळाचं पाणी. पाणीसुद्धा लिहिलं होतं. वहिनींनी ती यादी वरून खाली वाचली आणि पुन्हा खालून वर वाचली.

"यात," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "यात आपल्या डब्याचं लिहिलं नाहीस."

काडीने मान वर केली. तिला प्रश्नच कळला नाही. "ते तर तुझं आहे. ते कशाला लिहू?"

सर म्हणाले, "बरोबर आहे, घरचं काय लिहायचं," आणि पान घडी करून खिशात घातलं.

त्या वेळी बोलता आलं असतं. तिघं एका खोलीत होती, चहा गरम होता. पण वहिनींना समोर मुलगी दिसेना. डबे भरणाऱ्या चाळीस बाया दिसायला लागल्या, ज्यांतल्या अर्ध्याजणींच्या घरी दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. आणि चौदा वर्षांच्या नोंदवह्या, प्रत्येक पानावर स्वतःची सही. त्यांनी काडीच्या बाबांना मात्र त्याच संध्याकाळी सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, "आपलेच दात आणि आपलेच ओठ." आणि मग, "तिला तूच सांग. माझ्याकडून कळायला नको."

वकीलबाईंनी दोन वाटा दाखवल्या. सरळ बोलणाऱ्या होत्या. "एक वाट अशी. कामगाराच्या चुकीने धुवण तुमच्या मालात पडलं आणि तो डबा घरी आला. त्या दिवशीची सही मिक्सरवाल्याची आहे. तुम्हाला ताकीद मिळेल, ती खेप परत मागवाल, कंपनी वाचेल. मुलीचीही बंदी थोडी कमी होईल. दुसरी वाट म्हणजे जे झालं ते."

"त्यात काय होईल?"

"एकच नोंद खोटी म्हणालात तर ती मुलीला वाचवायला रचलेली गोष्ट वाटेल. बिनलेबलाच्या डब्यावर कोण विश्वास ठेवणार? तुम्हाला सवय दाखवावी लागेल. सगळ्या नोंदी खोट्या आहेत असं सांगावं लागेल. मुलगी बरीच सुटेल. कंपनीचा परवाना राहणार नाही."

वहिनी शेडीत गेल्या, मिक्सरकाकांना केबिनमध्ये बोलावलं आणि सगळं सांगितलं. काका उभेच राहिले. "पोर आहे आपली," ते म्हणाले. "माझं नाव टाका. सही माझीच आहे."

"तुम्ही नव्हतात त्या दिवशी."

"कागदावर होतो ना. मला काय, मी परत साबणात जाईन." आणि मग जरा हळू, "पण वहिनी, विचारलं होतं मी तुम्हाला. पहिल्याच खेपेला."

"विचारलं होतंत."

"तेवढं लक्षात असू द्या."

खरं सांगायचं तर त्यांनी दोन दिवस काकांचं नाव मनात घोळवून पाहिलं. चांगलं माणूसही असं करतं. फक्त ते पुढे कुणी कबूल करत नाही.

घरात दुसरंच काही चाललं होतं. काडीने खाणं सोडलं. एकदम नाही, एकेक करून. आधी बाहेरचं, मग ब्रेड, मग दूध. "कशात काय असेल सांगता येतं का?" नळाचं पाणी उकळून प्यायची. सतरा वर्षांची मुलगी ताटापुढे बसून बटाट्याची फोड काट्याने उलटीपालटी करायची, आणि समोर बसलेल्या आईचे डोळे नकळत तिच्या गळ्याकडे जायचे.

अकराव्या दिवशी सकाळी वहिनी अंडी उकडत होत्या. काडी पाठीमागे येऊन उभी राहिली. तिचे खांदे पुन्हा टोकदार झाले होते. "आई, अंडं तू सोलून दे. तू दिलेलं खाईन मी. बाकी कुणाचं नको."

वहिनींनी अंडं सोललं, बशीत ठेवलं, हात पुसले. मग खोलीत जाऊन साड्यांमागचा डबा आणला आणि बशीशेजारी ठेवला.

त्यांनी सगळं सांगितलं. रजेचे तीन दिवस, झडप, वास, सही. पाठ केलेल्या धड्यासारखं, मधे न थांबता. काडी डब्याकडे बघत ऐकत होती. तिला राग येईल, ती डबा फेकेल, अशी वहिनींनी मनाची तयारी केली होती. तिने फक्त विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पत्र आलं त्या दिवशी."

"म्हणजे पत्र वाचल्यावर लगेच?"

"लगेच."

काडीने दिवस मोजले. ओठ हलत होते. "अकरा दिवस. मी सरांपुढे रडत होते, आणि तू मला अंडी सोलून देत होतीस."

"मला वाटलं..."

"पावडरचं मी समजू शकते, आई. ते कुणाकडूनही झालं असतं." तिने बशी बाजूला सरकवली. "ते दोन नऊ माझे होते की याचे?"

वहिनी अन्नशास्त्र शिकल्या होत्या. किती ग्रॅमला किती ताकद, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. याचं उत्तर त्यांना येत नव्हतं. कुणालाच येत नव्हतं, आणि ते मुलीला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

सुनावणी एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर झाली. लांब टेबल, त्याच्यामागे तिघंजण, पाण्याच्या बाटल्या. डब्यातल्या पावडरीचा प्रयोगशाळेचा अहवाल, परक्या कामाचा कागद, नोंदवह्यांचा गठ्ठा. मधल्या गृहस्थांनी चष्मा वर केला. "इथे 'नष्ट केले' असं लिहिलंय. सही तुमची. म्हणजे ही नोंद खोटी?"

"हो."

"ही एकच?"

दाराजवळच्या बाकावर मिक्सरकाका बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून; बोलावलं तर जावं म्हणून आले होते. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "नाही," त्या म्हणाल्या. "दोन सोडून सगळ्या. पहिल्या दिवसापासून."

लिहिणाऱ्या बाईंचं पेन थांबलं आणि पुन्हा चालू लागलं. "का?" त्या गृहस्थांनी विचारलं, आणि त्या प्रश्नात साहेबीपणा नव्हता, खरंच कळत नसल्यासारखं होतं.

"टाकवेना," वहिनी म्हणाल्या.

बंदी दहा महिन्यांवर आली. वकीलबाई म्हणाल्या, याहून कमी झालंच नसतं. शिबिर गेलं, दोन नऊ कागदावरून पुसले गेले. सर घरी आले, काडीच्या डोक्यावर हात ठेवला, "माझं चुकलं" म्हणाले आणि हेही म्हणाले की बंदी संपेपर्यंत त्यांना तिला शिकवता येणार नाही, नियम आहे. काडीने मान हलवली. तिला आता नियमांचं काही वाटत नव्हतं.

पुढच्या महिन्यात परवाना गेला. बाया एकेक करून भेटून गेल्या. काही रडल्या. एकजण दारातून म्हणाली, "आमच्या पोरांनी पण तेच प्यायलंय की हो, वहिनी," आणि उत्तराची वाट न बघता गेली. तिच्या पोरांना काही झालं नव्हतं; संत्र्याचं उरलेलं धुवण परक्या कामाचं म्हणून बायांनी फेकलं होतं, पोरांच्या वाट्याला फक्त व्हॅनिला नि चॉकलेट आलं होतं. पण वहिनी तो प्रश्न पुष्कळ दिवस घेऊन बसल्या. मिक्सर विकला गेला. क्रेन आली, हौद उचलला, आणि फरशीवर चार पायांचे चार गंजके चौकोन राहिले. शेडीच्या मालकाने मुदतीपर्यंत किल्ली त्यांच्याकडेच ठेवली. त्या रोज सकाळी जायच्या, उरलेली रिकामी खोकी मोडून सपाट करायच्या, दोरीने बांधायच्या. घरी बसून मुलीचं न बोलणं ऐकण्यापेक्षा ते बरं होतं. काडी भांडत नव्हती. विचारलं तेवढ्याला उत्तर देत होती. जेवायलाही लागली होती, पण स्वतःचं स्वतः शिजवून, आणि आई स्वयंपाकघरात नसताना. दार अर्धं लोटलेलं असायचं. वहिनी बाहेरच्या खोलीत बसून भांड्यांचे आवाज ऐकायच्या आणि त्यावरून ती किती जेवली असेल याचा अंदाज करायच्या.

एका सकाळी शेडीच्या खिडकीतून त्यांना काडी दिसली. शेडींच्या मागून एक सरळ रस्ता जातो, बरेच कारखाने बंद असल्यामुळे रिकामा. ती तिथे वाकून बुटांच्या नाड्या बांधत होती. पलीकडे, बऱ्याच लांब, विजेच्या खांबापाशी मिक्सरकाका उभे होते. रस्त्यावर दोन जागी चुन्याच्या रेघा ओढलेल्या होत्या. आठशे मीटर कुणी मोजून दिले असतील ते वहिनींना कळलं. विम्याच्या कचेरीतला माणूस टेप घेऊन रस्त्यावर वाकला असेल, आणि घरी येऊन काही बोलला नसेल.

काकांनी हात खाली केला. काडी निघाली. मैदानावर ती कशी पळते हे त्यांनी शंभरदा बघितलं होतं, पण तिथे सोबत मुली असतात, आरडाओरडा असतो. इथे नुसते बुटांचे आवाज होते. ती खिडकीवरून गेली तेव्हा तिचा श्वास ऐकू आला. तोंड वाकडं झालेलं, मान मागे. कुणी पाठलाग करत नव्हतं, कुणाला गाठायचं नव्हतं, तरी ती जीव खाऊन पळत होती. वहिनींच्या हातातली दोरी तशीच राहिली.

रेघ ओलांडून काडी गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. काकांनी घड्याळ तिच्यापुढे धरलं. तिने ते बराच वेळ बघितलं. मग पाण्याची बाटली उचलून, सावकाश पळत, पलीकडच्या वळणावरून घरच्या दिशेने निघून गेली.

वहिनी रस्त्यावर आल्या. चालत खांबापर्यंत गेल्या. काका घड्याळ रुमालात गुंडाळत होते. ते आता खरंच साबणाच्या कारखान्यात जात होते, दुपारची पाळी होती.

"रोज येता?"

"आठवड्यातून तीनदा. तिनेच विचारलं. मी म्हटलं मला यातलं काही कळत नाही. म्हणाली, बटण दाबता येतं ना, बस झालं."

"किती लागले?" वहिनींनी विचारलं.

काकांनी रुमालाची गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "वहिनी, तुम्ही विचाराल असं ती म्हणाली होती."

"मग?"

"सांगू नका म्हणाली आहे."

वहिनींनी मान हलवली. "बरं," त्या म्हणाल्या. "नका सांगू." काकांची बस यायची वेळ झाली होती. ते निघाले. वहिनी शेडीत परत आल्या. अजून बरीच खोकी मोडायची होती.